ऑर्थोची एमडीएस झाली, आता केस शेवटपर्यंत कशी न्यायची?

गोदातीर

गेल्या महिन्यापासून आमच्या नाशिकच्या क्लिनिकमध्ये एक मुलगी काम करतेय. नुकतीच ऑर्थोची, म्हणजे दात तारांनी सरळ करण्याच्या शाखेची, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेली. हात फार सुरेख आहे तिचा. दातावर चिकटवायचे ब्रॅकेट जागच्या जागी बसवते, तारेची लूप वाकवली तर दोन्ही पाय सारखे उतरतात. पहिल्याच आठवड्यात सातपूरचे एक वडील तिला म्हणाले, "मॅडम, एवढा खर्च करतोय, तार काढल्यावर दात परत वाकडे नाही ना होणार?" ती म्हणाली, "नाही काका, नंतर रिटेनर देतो ना आपण." रिटेनर म्हणजे तार काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन. काका निश्चिंत होऊन गेले.

मला मात्र ते उत्तर टोचत राहिलं. संध्याकाळी आवराआवर करताना तिला विचारलं, "तू स्वतः सुरू केलेल्या किती पेशंटना तार काढल्यानंतर वर्षभराने परत पाहिलंस?" ती जरा थांबली. म्हणाली, "एकालाही नाही, मॅडम."

यात तिचा काही दोष नाही. कोर्सच तसा आहे. एमडीएस ३ वर्षांची. पहिले काही महिने वायर बेंडिंग, सोल्डरिंग, टायपोडाँट (नकली दातांवरचा सराव) यात जातात. शेवटचे काही महिने प्रबंध आणि परीक्षा. अभ्यासक्रमात लिहिलंय की किमान ५० केसेस स्वतः सुरू करायच्या, शिवाय सीनियरकडून आलेल्या किमान २० ट्रान्सफर केसेस सांभाळायच्या. आता एक साधी केस १८ ते २४ महिने चालते, दात काढून केलेली असेल तर त्याहून जास्त. हिशेब मांडून बघा. दुसऱ्या वर्षाच्या मध्यानंतर बांधलेल्या बहुतेक केसेस ज्युनियरकडे जाणार हे बाँडिंगच्या, म्हणजे ब्रॅकेट चिकटवण्याच्या, दिवशीच ठरलेलं असतं. म्हणजे एका तोंडाची सुरुवात पाहिली, दुसऱ्याचा शेवट पाहिला. एकाच माणसाची सुरुवात, मध्य, शेवट आणि त्यानंतरची दोन वर्षं, हे कुणीच पाहिलेलं नसतं.

आणि आमच्या कामात "त्यानंतर" हाच अवघड भाग. तार काढली त्या दिवशी दात फक्त जागेवर आलेले असतात, तिथे रुजलेले नसतात. हिरडीतले कोलॅजनचे तंतू नव्या जागी बसायला ४ ते ६ महिने घेतात. दाताच्या मानेभोवतीचे लवचीक तंतू तर वर्ष होत आलं तरी ओढतच असतात, म्हणून वळलेला दात सगळ्यात आधी परत फिरतो. वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये उपदाढा काढून उपचार केलेल्या ६५ केसेस तपासल्या होत्या. रिटेनर बंद होऊन किमान १० वर्षं झालेले पेशंट. खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले ३० टक्क्यांहूनही कमी निघाले. हे प्रत्येक पीजी विद्यार्थ्याने वाचलेलं असतं, तोंडी परीक्षेत सांगितलेलंही असतं. तरी समोर सातपूरचे काका बसले की तोंडातून "नाही होणार" असंच निघतं, कारण वाचलेलं असतं, पाहिलेलं नसतं.

म्हणून हा धागा. एमडीएस होऊन बाहेर पडणाऱ्यांना कामाच्या नेमक्या कोणत्या गोष्टी यायला हव्यात? नाशिक आणि आसपासच्या डॉक्टरांनी तर लिहाच, पण तारा लावून घेतलेल्यांनी आणि पालकांनीही लिहा. तुमचं ऐकायचं आहे.

थर्ड_इयर

मॅडम, मी त्या २० ट्रान्सफरवाल्यांपैकी आहे. एक फाइल सांगतो. मुलगी १६ वर्षांची, वरच्या दोन उपदाढा काढलेल्या, खालच्या तशाच. मी केस घेतली तेव्हा फाइलमध्ये आधीच्या नऊ भेटींच्या नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंद "वायर बदलली" किंवा "चेन दिली" एवढीच. फक्त वरच्याच का काढल्या? दाढा कुठल्या नात्यात न्यायच्या होत्या? अँकरेज, म्हणजे ओढायला आधार, कसलं धरलं होतं? काहीच लिहिलेलं नव्हतं. सीनियर पास होऊन गावी गेलेला, फोन लागला तर म्हणाला, "आठवत नाही रे, मॉडेल बघ." मॉडेलच्या खोक्यावरचं नाव पुसलेलं होतं.

मी तीन आठवडे नुसता विचार करत बसलो. मुलीची आई दर वेळी विचारायची, "अजून किती दिवस?" आणि मी सांगायचो, "बघू." त्या "बघू"ची मला फार लाज वाटायची.

गोदातीर

तू लिहिलंस ते बरं झालं. आमच्याकडे नोंदीचा नियम आहे, तो इथे देते, जसाच्या तसा वापरा. प्रत्येक भेटीला तीन गोष्टी: आज काय केलं, का केलं, पुढच्या वेळी काय करायचं. कालचीच एक नोंद: "वर ०.०१९ × ०.०२५ स्टील, दोन्ही बाजूंना क्लोज्ड कॉइल, १५० ग्रॅम. उजवीकडे जागा ३ मिमी, डावीकडे २. मध्यरेषा उजवीकडे आणायची म्हणून डावी कॉइल पुढच्या भेटीला सोडायची. पुढच्या वेळी ओव्हरजेट मोजणे. १० व्या महिन्यात ओपीजी काढून मुळं बघणे."

म्हणजे कुठली तार, कुठली स्प्रिंग, किती जोर, किती जागा उरली आणि पुढे काय, एवढंच. लिहायला दोन मिनिटं लागतात. उद्या मी आजारी पडले तर कुठलाही ऑर्थोडॉन्टिस्ट ही फाइल उघडून काम पुढे नेऊ शकेल. आणि खरं सांगू का, "पुढच्या वेळी काय" हे लिहिता येत नसेल तेव्हा कळतं की आज जे केलं तेही नीट विचार करून केलेलं नाही.

दंतवैद्य_सिन्नर

मी बीडीएस, सिन्नरला २० वर्षं प्रॅक्टिस. ऑर्थोवाले आमच्याकडे कन्सल्टंट म्हणून येतात. नवीन एमडीएस झालेला डॉक्टर आज सिन्नर, उद्या ओझर, परवा पिंपळगाव, महिन्यातून दोनदा मालेगाव असा फिरतो. पेट्रोल आणि प्लायरचा डबा गाडीत. त्यांचे कष्ट मी जवळून पाहिलेत, म्हणून तक्रारीच्या सुरात लिहीत नाही.

पण एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या एका डॉक्टरना परराज्यात नोकरी लागली. पंधरा दिवसांच्या सूचनेवर गेले. जाण्याचा त्यांना हक्क होताच. माझ्याकडे तारा लावलेले बरेच पेशंट राहिले. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांचा पहिला प्रश्न, "ब्रॅकेट कुठले? एमबीटी की रॉथ? स्लॉट ०.०१८ की ०.०२२?" मला यातलं काय माहीत! खोकी फेकून दिलेली. आधीच्यांनी कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं. स्लॉट, म्हणजे ब्रॅकेटमधली तारेची खाच, कळायला नव्या डॉक्टरांनी एका पेशंटच्या तोंडात वेगवेगळ्या जाडीच्या तारा घालून पाहिल्या. पैशांचा हिशेबही अडकला. कुणी अर्धे भरलेले, कुणी पूर्ण भरलेले, आणि नव्या डॉक्टरांनी उरलेलं काम कशावर करायचं?

पेशंट माझ्या ओळखीचे, गावातले. बाजारात भेटल्यावर ते त्या डॉक्टरांचं नाव घेत नाहीत, मला विचारतात. त्यामुळे माझी मागणी एकच: कन्सल्टंट म्हणून येणाऱ्याने पहिल्या दिवशी कागदावर लिहून द्यावं की मी उद्या आलो नाही तर काय. ब्रॅकेट कुठले, कुठवर आलंय, किती पैसे कशाचे.

आणि शनिवारी रात्री तार गालाला टोचायला लागली की फोन मलाच येतो. जिथे टोचतं तिथे मेण कसं लावायचं, टोक कुठून कापायचं, कुठून मुळीच नाही, हे एकदा माझ्या स्टाफला बसवून शिकवलं तर निम्मे फोन कमी होतील. आमच्याकडे आलेल्यांपैकी फक्त एका बाईंनी ते केलं. तीन वर्षं झाली, अजून आमच्या मुलींना ते पाठ आहे.

द्राक्षबाग_निफाड

मी डॉक्टर नाही, शेतकरी घरातली आहे. मुलाला आठवीत असताना तारा लावल्या. दात पुढे होते, शाळेत पोरं बोलायची, म्हणून लावल्या.

आमच्याकडे फेब्रुवारी-मार्च म्हणजे काढणी. व्यापाऱ्याची गाडी कधी येईल सांगता येत नाही, आली की घरातलं एकूण एक माणूस बागेत. त्या दोन महिन्यांत नाशिकला जाणं होत नाही म्हणजे नाहीच. पहिल्या वर्षी आम्ही मार्चमध्ये दोन वेळा चुकवल्या. एप्रिलला गेलो तर डॉक्टर पोरासमोर मला म्हणाले, "तुम्हाला मुलाची काळजी नाही." मी तिथे काही बोलले नाही. घरी येऊन रडले. काळजी नसती तर बागेच्या पैशातून तारा कशाला लावल्या असत्या?

नंतर दुसऱ्या डॉक्टर आल्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "ताई, तुमची छाटणी कधी, काढणी कधी?" एका कागदावर लिहून घेतलं. हप्तेही त्याप्रमाणे लावले, गाडी भरली की मोठा हप्ता, मधल्या महिन्यांत थोडा. त्यानंतर आमची एकही भेट चुकली नाही.

रबराचंही सांगते. पहिल्या डॉक्टरांनी रबरं दिली आणि सांगितलं, दिवसभर लाव. पोराने शाळेत कधी लावलीच नाहीत. मला वाटायचं लावतो. दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच्या हातात आरसा दिला, वरचा सुळा आणि खालची दाढ दाखवली, म्हणाल्या, "हे रबर दिवसातून वीस-बावीस तास ओढत राहिलं तरच दात सरकतो. आठ तास लावून सोळा तास काढलंस तर सरकलेला परत जातो आणि नुसता दुखतो." एवढंच. त्या दिवसापासून तो रबराची पिशवी दप्तरात ठेवायला लागला. त्याला कारण कळलं होतं.

गोदातीर

ताई, तुम्ही लिहिलेलं मी आमच्या त्या नव्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. दोघीही गप्प झालो.

ऑर्थो करणाऱ्यांसाठी यात उपचाराचीही गोष्ट आहे, नुसती वागणुकीची नाही. नाशिक जिल्ह्यात प्रॅक्टिस करायची तर द्राक्षाचं आणि कांद्याचं वेळापत्रक ट्रीटमेंट प्लॅनमध्ये यायला हवं. पेशंट दोन महिने येणार नाही हे जानेवारीत माहीत असेल तर त्या काळात तोंडात काय ठेवायचं ते आपल्या हातात आहे. सुरुवातीची गोल नायटीची (निकेल-टायटॅनियमची लवचीक) तार आठ आठवडे राहिली तरी सौम्यपणे काम करत राहते. पॉवर चेन, म्हणजे रबराची साखळी, ठेवून काही उपयोग नाही, पहिल्या २४ तासांतच तिचा निम्म्याच्या आसपास जोर जातो. आणि क्लास टू रबरं, म्हणजे वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंतची, चालू ठेवून दोन महिने डोळ्याआड सोडणं तर चूकच, एका बाजूचं लावलं आणि दुसऱ्या बाजूचं विसरलं की मध्यरेषा हलते. म्हणून उपदाढा काढायच्या असतील तर मी शक्यतो काढणीनंतर काढायला सांगते. हे मला कॉलेजने शिकवलं नव्हतं, निफाड-दिंडोरीच्या पेशंटनी शिकवलं.

चेअरसाईड_पंचवटी

मी असिस्टंट आहे, अकरा वर्षं. थोडंच लिहिते.

नवीन डॉक्टर आले की मी पाहते, ते प्लायर कुठे ठेवतात. कापलेल्या तारेचा तुकडा ट्रेवर पडू देतात का, की कटरमध्येच धरून डब्यात टाकतात. तारेचे तुकडे, जुने ब्रॅकेट हे पांढऱ्या डब्यात जायला पाहिजेत, न टोचणाऱ्या. काढलेला दात पिवळ्या पिशवीत. २०१६ च्या नियमांत हे रंग ठरवून दिलेत. डॉक्टरांनी कापसाबरोबर तार टाकली तर संध्याकाळी हात घालणारी मी असते. माझ्या बोटात दोनदा गेलीय.

दुसरं, पेशंटसमोर आम्हाला ओरडू नका. मूल घाबरतं, तोंड मिटतं, मग बाँडिंग ओलं होतं आणि ब्रॅकेट पडतो. तो परत लावायलाही आम्हीच उभ्या.

कॉलेजरोडकर

सगळं वाचलं, मनापासून पटलं. तरी नव्या मुलांच्या बाजूने बोलतो, कारण पाच वर्षांपूर्वी मी तिथेच होतो. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर, कॉलेज रोडवर गाळ्याचं भाडं, स्कॅनरचा हप्ता. समोर पेशंट बसलाय, त्याला अलायनर, म्हणजे तारांऐवजी घालायचे पारदर्शक साचे, हवेत कारण मित्राला लावलेत. केस अलायनरची नाही हे मला दिसतंय, सुळा पार वर अडकलाय. "नाही" म्हटलं तर तो समोरच्या रस्त्यावर दुसरीकडे जाणार आणि लावून घेणार. अशा वेळी "नाही" म्हणायला जे बळ लागतं ते कुठल्याही विषयात शिकवत नाहीत. मी एकदा "हो" म्हटलं होतं. चौदा महिन्यांनी तारा लावून ती केस सुधारावी लागली, वरचा खर्च मी सोसला. त्या मुलाने कधी राग दाखवला नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून फी सांगताना मी एकच आकडा सांगतो, ज्यात तारा, रिटेनर आणि तार काढल्यानंतरच्या २ वर्षांच्या तपासण्या सगळं धरलेलं असतं. रिटेनरचे वेगळे पैसे मागितले की लोक येणं बंद करतात, हा अनुभव. आणि संमतीपत्र मराठीत. मुळं थोडी झिजू शकतात, ब्रश नीट केला नाही तर पांढरे डाग राहतात, रिटेनर घातला नाही तर दात हलतात, ही वाक्यं वाचून घेऊन मगच सही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलंय, पण कागद त्या भीतीने करू नका. पेशंटला समजावं म्हणून करा.

जुने_मास्तर

शिकवण्यात आयुष्य गेलं. आता निवृत्त. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला. म्हणून हा विषय नाशिककरांनी काढला याचं बरं वाटलं.

अभ्यासक्रमात उद्दिष्टं चार लिहिलेली आहेत: ज्ञान, कौशल्य, वृत्ती आणि संवाद. पहिल्या दोन्हींची परीक्षा आम्ही घेत आलो. उरलेल्या दोन्हींची परीक्षा घेणं अवघड, म्हणून राहून गेलं. विद्यार्थी परीक्षेला जे लागतं तेच शिकतो. हा आमचा, शिक्षकांचा दोष, तो मी मान्य करतो.

पण गोदातीर मॅडम, तुमच्या मूळ मुद्द्याला माझी एक हरकत आहे. "स्वतः सुरू केलेली केस स्वतः संपवणं" ही कसोटी पुरेशी नाही. दुभंगलेल्या ओठ-टाळूचं मूल घ्या. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत नाक-हिरडीची प्लेट. मग ओठाची शस्त्रक्रिया, मग टाळूची. सुळा यायच्या आधी, साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, हिरडीच्या फटीत हाडाचं रोपण, त्याच्याआधी वरचा जबडा रुंद करणं. नंतर पूर्ण तारा. वाढ थांबल्यावर गरज पडली तर जबड्याची शस्त्रक्रिया. अठरा-वीस वर्षांचं काम. सर्जन, स्पीच थेरपिस्ट, कान-नाक-घसा, ऑर्थो. एवढ्या काळात कुणी बदली होऊन जातं, कुणी निवृत्त होतं, मी स्वतः झालो. माझ्या हातांनी प्लेट बसवलेली कितीतरी बाळं आज कॉलेजात असतील, त्यांच्या तारा कुणी काढल्या मला माहीत नाही. ती केस कुणा एकाची कधी नव्हतीच. विद्यार्थ्याला शिकवायला हवं ते हे, की केस अशी ठेव की तुझ्यानंतर येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून काम करता यावं. ट्रान्सफर केस ही उणीव नाही. नीट दिली आणि नीट घेतली तर कॉलेजातला तो सगळ्यात चांगला धडा आहे.

थर्ड_इयर

सर, हे वाचून मी आज माझ्या ज्युनियरला बोलावलं. माझ्या केसेस जूनमध्ये तिच्याकडे जाणार आहेत. ठरवलंय की आतापासून प्रत्येक पेशंटच्या दोन भेटी आम्ही दोघं मिळून बघायच्या, पेशंटलाही ती ओळखीची व्हावी. मॉडेलच्या खोक्यांवर नावं पक्क्या शाईने लिहून झाली.

गोदातीर

मास्तर, हरकत मान्य. मी स्वतःच्या हाताने संपवण्यावर अडून बसले होते, तुम्ही मला पुढचं दाखवलंत. सिन्नरच्या डॉक्टरांचं दुखणंही तेच होतं, आता नीट कळलं. तरी एक धरून ठेवते: तार काढल्यानंतरचं तोंड प्रत्येकाने बघायलाच हवं, मग केस कुणी का सुरू केलेली असेना.

म्हणून आमच्या मुलीला रजिस्टर दिलं आणि दोन वर्षांपूर्वी तारा काढलेल्यांना फोन करायला सांगितलं. तपासणी मोफत, रविवारी सकाळी. काही आले. त्यात अंबडच्या कारखान्यात लागलेला एक मुलगा होता, रिटेनर शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेला. "सेकंड शिफ्टला घालायचं राहतं मॅडम." तिने त्याचा खालचा जबडा पाहिला. आतल्या बाजूला चिकटवलेली बारीक तार एका दातावरून सुटलेली, जेवताना कधी सुटली त्याला कळलंही नव्हतं, आणि तेवढाच एक डावा पार्श्व कृंतक, मधल्या दोन दातांशेजारचा, आतल्या बाजूला वळलेला. बाकीचे पाच सरळ उभे. ती बराच वेळ आरसा धरून बघत होती. मग जुने फोटो उघडले, तार काढल्याच्या दिवशीचे, आणि दोन्ही शेजारी ठेवून परत पाहिलं.

त्याला आता त्या एका दातासाठी थोडे महिने परत तार लागेल, ते तिनेच त्याला समजावलं, शिफ्टच्या वेळा विचारून.

सातपूरचे काका परवा मुलीला घेऊन आले होते. ती आपणहून त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "काका, मागच्या वेळी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं." आणि खुर्ची ओढून बसली.